चंदनशेठचं जहाज आणि भावोजींचा फॉरवर्ड

माझी भाची आठवीत आहे. तिला वाचायचं वेड आहे, आणि त्यातही समुद्रावरून फिरलेल्या माणसांची पुस्तकं तिला अपुरी पडतात. नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमात तिचं पाच मिनिटांचं भाषण आहे. ते तिने मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "मावशी, शुद्धलेखन तेवढं बघ." शुद्धलेखन ठीक होतं. मजकूर मात्र सगळा तिच्या बाबांच्या, म्हणजे आमच्या भावोजींच्या, मोबाइलवरून आलेला होता.

तो मेसेज तुमच्याकडेही कधीतरी आला असणार. नेव्हिगेशन हा शब्द संस्कृत 'नवगति'वरून आला आणि ही कला सहा हजार वर्षांपूर्वी सिंधू नदीत जन्मली. होकायंत्र म्हणजे आपलं मत्स्ययंत्र. वास्को द गामाने स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलंय की आफ्रिकेत त्याला चंदन नावाचा गुजराती व्यापारी भेटला, त्याचं जहाज वास्कोच्या जहाजाच्या बारापट होतं आणि वास्को मुकाट्याने त्याच्या मागोमाग भारतात आला. अरब हे नुसते लुटारू, त्यांना जहाज हाकायला आपण शिकवलं. हे सगळं युनेस्कोने मान्य केलंय. शेवटी तिरंगा, हात जोडलेले, आणि दहा जणांना पाठवा.

भावोजींनी तो वाडीच्या ग्रुपवर टाकला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तिथवर मी गप्प होते. पोरीने तो माइकसमोर उभं राहून सांगायचा म्हटल्यावर गप्प बसवेना.

शब्दाचं लवकर उरकते. संस्कृतात 'नव' म्हणजे नवा, नाहीतर नऊ. बोटीला 'नौ' म्हणतात. तेव्हा 'नवगति'चा अर्थ लावलाच तर नवी चाल असा होईल, त्यात बोट कुठेच नाही. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे यांपासून झालेला आहे. आता हेही कबूल करते, की लॅटिन 'नाविस', ग्रीक 'नाउस' आणि आपलं 'नौ' ही एकाच घरातली चुलत भावंडं आहेत. पण चुलत भावाला मुलगा म्हणून मिरवत नाहीत. ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी भुज्यूला भर समुद्रातून शंभर वल्ह्यांच्या नावेतून सोडवून आणल्याची गोष्ट आहे. ती खरोखर तिथे आहे, पहिल्या मंडलात, एकशे सोळाव्या सूक्तात. भाषणात घ्यायची तर ती घ्या की! आणि सिंधूचं म्हणाल, तर आजच्या इराकमधल्या अक्कडचा राजा सार्गोन आपल्या शिलालेखात मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात म्हणून बढाई मारतो. मेलुहा म्हणजे सिंधू खोरं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ही झाली सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीची गोष्ट. तेवढी जुनी पुरत नाही का, की वर सतराशे वर्षांची भर घालावी?

होकायंत्राचं आणखी लवकर. पाण्यावर तरंगणारा चुंबकी लोखंडाचा मासा कसा करायचा ते चिनी ग्रंथात १०४४ साली लिहिलेलं आहे. पुढे.

आता चंदनशेठ.

पहिली गोष्ट म्हणजे वास्कोच्या हातची डायरी जगात कुठेही उपलब्ध नाही. आहे ती त्याच्या पहिल्या सफरीची रोजनिशी, ताफ्यातल्याच एका माणसाने लिहिलेली. आल्वारो वेल्यू नावाचा असावा असं धरतात. तिचं हस्तलिखित पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या नगर ग्रंथालयात आहे. १८९८ सालचं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. मी ते वाचलंय. भाचीलाही आता दिलंय. त्यात चंदन नाही. बारापट जहाज नाही. पुढे जहाज आणि मागे वास्को, असंही काही नाही.

मग आहे काय? १४९८ च्या एप्रिलमध्ये ही मंडळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदीला पोचली. त्याआधी वाटेत त्यांनी काय उद्योग केले होते तेही त्या रोजनिशीत बिनदिक्कत लिहिलंय. मोझांबिकजवळ एका वाटाड्याला खोटं बोलला म्हणून चाबकाने फोडून काढलं आणि त्या बेटाला नावच 'फटके खाल्लेल्याचं बेट' असं दिलं. मोंबासाला दोन माणसांच्या अंगावर उकळतं तेल टाकून माहिती काढून घेतली. मालिंदीच्या राजाने त्यांचं आगतस्वागत केलं, पण वाटाड्या काही लवकर देईना. तेव्हा राजाचा एक विश्वासू माणूस जहाजावर आला होता, त्याला वास्कोने अडकवून ठेवलं आणि निरोप धाडला की आधी वाटाड्या पाठवा. मग वाटाड्या आला. मेसेजमध्ये याचं काय झालं, तर भला मोठा व्यापारी प्रेमाने पुढे चाललाय आणि पाहुणा मागून येतोय. ओलीस ठेवून मिळवलेल्या माणसाची ही पाहुणचाराची गोष्ट कुणी केली ते मला माहीत नाही, पण ज्याने केली त्याने वास्कोवर उपकारच केले.

आणि इथे मला दात-ओठ खात एक गोष्ट मान्य करावी लागते. तो वाटाड्या गुजराती होता असं जुन्या पोर्तुगीज पुस्तकात खरंच आहे. जुआंव दे बारोस नावाच्या बखरकाराने १५५२ साली तसं छापलंय. तो स्वतः भारतात कधी आला नव्हता आणि लिहितोय पन्नास वर्षांनंतर, हे लक्षात ठेवूनच ते वाचायचं. पण त्याने दिलेलं वर्णन सोडवत नाही. वास्कोने त्या वाटाड्याला आपलं मोठं लाकडी अ‍ॅस्ट्रोलेब, म्हणजे सूर्याची उंची मोजायचं यंत्र, रुबाबात दाखवलं. वाटाड्याला काही नवल वाटलं नाही. तांबड्या समुद्रातले लोक असली पितळी यंत्रं वापरतात, आम्ही ताऱ्यांवरून वेगळ्या साधनाने मोजतो, असं म्हणून त्याने ते साधन दाखवलं. हिंदुस्थानच्या सगळ्या किनाऱ्याचा नकाशा तर त्याने आधीच पुढे पसरला होता. तर गुजराती, हो. पण बारोस त्याला 'गुजरातचा मूर' म्हणतो, म्हणजे मुसलमान, आणि त्याचं नाव देतो 'मालेमो काना'. मालेमो म्हणजे मुअल्लिम, वाट दाखवणारा जाणता. रोजनिशीवाला त्यालाच ख्रिश्चन म्हणतो, पण त्याचं काय मनावर घ्यायचं! तो कालिकतच्या देवळात जाऊनसुद्धा चर्चमध्ये आलो असं समजून हात जोडून आला होता. (तो वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब दर्यावर्दी इब्न माजिद, असंही बरीच वर्षं सांगत. इतिहासकार आता ते मानत नाहीत.)

म्हणजे माणूस होता, गुजरातचा असणंही शक्य आहे, फक्त तो पुढच्या जहाजात नव्हता. तो वास्कोच्याच जहाजावर उभा होता. मेसेज करणाऱ्याला तो तसा चालला नाही, म्हणून नाव बदललं, धर्म बदलला आणि हातातला नकाशा काढून घेऊन बुडाखाली बारापट जहाज दिलं.

माझा राग आहे तो या बारापटीवर. आपल्या किनाऱ्याची हुशारी मापात कुठे होती? मोठी जहाजंच बघायची तर त्या शतकाच्या सुरुवातीला चीनचा आरमारप्रमुख 'झेंग ही' कालिकतला येऊन गेला होता, त्याच्या ताफ्यापुढे वास्कोची चार गलबतं म्हणजे मचवेच. या समुद्रात खरं ज्ञान होतं ते वाऱ्याचं, आणि त्याचा पुरावा त्या रोजनिशीतच आहे, तारखांसकट.

२४ एप्रिलला मालिंदी सोडली. १८ मेला मलबारचे डोंगर दिसले. वाटाड्या बरोबर, वारा पाठीवर, एवढा दर्या साडेतीन आठवड्यांत पार. आता परतीचं बघा. कालिकतला तिथल्या राजाशी, सामुरीशी, बिनसलं. देऊन देऊन भेट काय द्यायला काढली होती, तर पट्ट्यापट्ट्यांचं कापड, सहा टोप्या, हात धुवायची सहा भांडी, थोडी साखर, तेल आणि मध. दरबारातले लोक तोंडावर हसले. ऑगस्टच्या अखेरीला हे तिथून निघाले. नैर्ऋत्येचा वारा अजून अंगावर, आफ्रिकेकडे नेणारा ईशान्येचा सुरू व्हायला अवकाश. किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत हे आले कुठे, तर अंजदीव बेटावर, कारवारसमोर. आपल्याच दारात. तिथे जहाजं आडवी करून बुडं घासली, पाणी भरलं आणि ५ ऑक्टोबरला शिडं उभारून निघाले. पलीकडचा किनारा दिसला २ जानेवारीला! जवळजवळ तीन महिने. वारा पडायचा, नाहीतर समोरून यायचा. हिरड्या सुजून माणसं मेली, रोजनिशीवाला तीस म्हणतो, आणि त्याआधीची तीस वेगळी. एकेका जहाजावर काम करू शकणारे सात-आठ जण उरले. पुढे हाकायला माणसं नाहीत म्हणून एक अख्खं जहाज त्यांना स्वतःच्या हाताने जाळावं लागलं.

आमच्या वाडीतले एक म्हातारे तांडेल होते. ते म्हणायचे, "वाऱ्याक इचारल्याशिवाय होडी लोटूची नाय." श्रावणातली पौर्णिमा होईपर्यंत होड्या झापांनी शाकारून वर का ठेवतात, हे भाचीला माहीत आहे. अंजदीवहून आणखी काही आठवडे थांबून निघाले असते तर काय झालं असतं, हे तिने मला न विचारता सांगितलं. तेवीस-चोवीस दिवस आणि नव्वद दिवस, एवढा फरक जाणत्या माणसाचा असतो. भाषणाला याहून चांगला मुद्दा मला तरी सापडला नाही.

आता त्या चौथ्या वाक्याकडे येते, कारण ते नुसतं चुकीचं नाही, वाईट आहे. अरब लुटारू, त्यांना आपण शिकवलं. आमच्या खाडीच्या पलीकडे दालदी मुसलमानांची घरं आहेत, पिढ्यान् पिढ्या मासेमारी करतात. त्यांची पोरं भाचीच्याच वर्गात आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून तिने हे वाचायचं होतं. भावोजी, तुम्ही पाठवताना हे वाक्य वाचलं होतंत का हो?

आपल्याच तोंडचे शब्द बघा. नाखवा हा फारसी नाखुदा. सारंग फारसी, बंदर फारसी. खलाशी अरबी. ज्या मोसमावर सगळा धंदा चालतो तो मोसम अरबी. आणि हातात धरतो ते सुकाणू, तेही अरबी 'सुक्कान'. शिकवलं ते आपण आणि शब्द मात्र सगळे त्यांचे, असं कसं? बरं, देणंघेणं एकतर्फी नव्हतं. इकडचा साग जायचा आणि तिकडे आखातात त्याची जहाजं व्हायची. मोझांबिकला रोजनिशीवाल्याने पाहिलेल्या जहाजांना खिळाच नव्हता, फळ्या दोरीने शिवलेल्या. नारळाच्या काथ्याने जहाज शिवायची ही रीत आपल्या किनाऱ्यावरही होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या मार्गदर्शिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, आपलं कल्याण आहे, चौल आहे, आणि इजिप्तहून जुलैच्या सुमाराला निघावं म्हणजे वारा मिळतो हेही आहे. ग्रीक, अरब, गुजराती, कोकणी, सगळे त्याच वाऱ्यावर ये-जा करत होते. कोकणातली लढाऊ जहाजं बघायची असतील तर बोरिवलीला एक्सरचे वीरगळ आहेत, वल्ह्यांच्या रांगांसकट दगडात कोरलेली. लोकल पकडून जाता येतं.

लुटारूच शोधायचे असतील तर लांब जायला नको. वास्कोनेच १५०२ च्या दुसऱ्या सफरीत मक्केहून येणारं यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं. आणि डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने आपलं दाभोळ जाळलं, दिसेल त्याला कापलं. दाभोळ! जिथून आपण फेरीबोटीत गाडी घालून धोपाव्याला उतरतो ते. त्याच्यावर तिरंगा लावून कुणी मेसेज करत नाही.

राहिलं युनेस्को. युनेस्कोने खरंच काहीतरी मान्य केलंय. २०१३ साली जगाच्या स्मृतिठेव्याच्या यादीत एक हस्तलिखित घेतलं, आणि ते म्हणजे पोर्तोमधली हीच रोजनिशी. जिच्यात चंदनशेठ नाही ती.

एक गोष्ट मेसेजच्या बाजूने सांगून टाकते. "वास्को द गामाने भारत शोधून काढला" हे आम्ही घोकलेलं वाक्य तितकंच फालतू होतं. भारत हरवलेला नव्हता. युरोपला आफ्रिकेला वळसा घालून इथे यायची समुद्रवाट सापडली, एवढंच. त्या वाक्याची चीड येऊन कुणी हा मेसेज रचला असेल तर ती चीड मला कळते.

भाचीने भाषण बदललंय. नवगति गेली, मत्स्ययंत्र गेलं, चंदनशेठ गेले. हात धुवायची सहा भांडी तिने ठेवलीत, त्यावर पोरं हसतील म्हणते. अंजदीव ठेवलंय. वाटाड्याचं नाव ती 'मालेमो काना' असंच घेणार आहे, दोनदा.

भावोजी, तुम्ही तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलात तिथे तिथे हेही टाका. लांब आहे, माहीत आहे मला. तोही लांबच होता.