सणाची मॅच म्हणे!

कालची फुटबॉल मॅच शून्य-शून्य सुटली म्हणून बोंबलतोय असं कुणी म्हणू नका. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बूड भाजत यापेक्षा भिकार मॅचेस बघितल्यात आणि तरी खुशीत घरी गेलोय. माझं डोकं फिरलंय ते वेगळ्याच कारणाने. इथल्या, इंग्लंडातल्या आमच्या क्लबने महिनाभर 'सण', 'कुटुंब', 'आपलं घर' असल्या ईमेलांचा मारा करून बोलावलं, आणि दारात गेल्यावर भुरट्या चोरासारखं वागवलं.

26 डिसेंबर, म्हणजे बॉक्सिंग डे. दसऱ्याला सोनं वाटावं तसं इंग्लंडात या दिवशी फुटबॉल. माझ्या शेजारच्या सीटवरचे आजोबा सांगतात, पूर्वी जवळच्याच गावाशी मॅच ठेवायचे. माणसं दुपारचं जेवून चालत यायची आणि अंधार पडला की घरी. अहो, खुद्द नाताळच्या दिवशीही लीगच्या मॅचेस व्हायच्या! इंग्लंडातली शेवटची 1965 साली ब्लॅकपूलला झाली. आता आमच्या मॅचची वेळ दुपारी तीनवरून रात्री आठ. का? टीव्हीवर दाखवायचीय. समोरची टीम दोनशे मैलांवरची. आणि 25 ला रेल्वे बंद, 26 ला जवळजवळ बंद, हे या देशात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वेळापत्रक लावणाऱ्यांनाच तेवढं माहीत नाही. त्या पाहुण्या टीमची पोरं बसमधून रात्री किती वाजता घरी पोचली असतील, देव जाणे. ती माझ्या विरोधातली, तरी मला त्यांची दया आली.

आम्ही बापलेक गाडीने गेलो. पार्किंगला वीस पौंड. तेही पंचवीस मिनिटं चालायच्या अंतरावर, चिखलात. ठीक आहे, सण आहे.

मग गेट. तिकीट फोनमध्ये. कागदी तिकीट मागितलं तर असं बघतात जसं काही मी बैलगाडीतून उतरलोय. थंडीने बोटं वाकत नव्हती आणि नेमकं त्याच क्षणी अॅपला अपडेट हवं होतं. हजारो माणसं एका जागी, नेटवर्कच्या नावाने शंख, मागून लोकांचे उसासे. लेक म्हणते, "बाबा, आपल्याला आत घेणार नाहीत का?" नऊ वर्षांच्या पोरीने हे विचारावं?

अॅप उघडलं तर पुढे बॅग तपासणी. बॅगेत काय, तर डबा. बायकोने दिलेला स्टीलचा डबा, त्यात भडंग. कोल्हापूरहून आलेलं, लसणाचं, अगदी शेवटचं. पिवळ्या जॅकेटवाला म्हणाला, कडक भांडं आत चालणार नाही. म्हटलं बरोबर आहे, कुणी फेकून मारेल. भडंग पिशवीत ओततो, डबा तुम्ही ठेवा. तर बाहेरचं खाणंही चालत नाही म्हणे! म्हणजे भीती डब्याची नव्हतीच, भीती आत विकतात त्या 'पाय'च्या, म्हणजे सारण भरलेल्या भाजलेल्या पेस्ट्रीच्या, धंद्याची होती. 'इथे ठेवा, जाताना घेऊन जा' म्हणून टेबलाखालच्या खोक्याकडे बोट दाखवलं. ठेवला. दुसरं काय करणार होतो?

आत गेलो तर लग्नाच्या वरातीतला डीजे बरा. मॅच सुरू होईपर्यंत स्पीकरवर तीच ती नाताळची गाणी, दिव्यांची उघडझाप, सांताची टोपी घातलेला मॅस्कॉट. कोपऱ्यातल्या पोरांनी आपलं जुनं गाणं धरलं की लगेच आवाज वाढवायचे. आमचे आजोबा चाळीस वर्षं त्याच स्टँडमध्ये गातायत. काल नुसते ओठ हलत होते त्यांचे. शाहू स्टेडियमवर एका पेठेने ओरडायला सुरुवात केली की दुसरी पेठ उत्तर द्यायची, मध्ये कुणाचा स्पीकर नसायचा. राडेही व्हायचे, खोटं कशाला बोलू. पण मैदानातला आवाज माणसांचा असायचा.

पुढच्या रांगेत दोघं अर्धा-अर्धा मफलर घालून. अर्धा आमच्या रंगाचा, अर्धा त्यांच्या. अरे, लग्नाला आलाय का, दोन्हीकडचे वऱ्हाडी? नव्वद मिनिटांतली साठ त्यांनी मैदानाकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढले.

हाफ टाइमला तोच 'पाय' आणायला गेलो. 1985 च्या कायद्यामुळे मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही, त्यामुळे पंधरा मिनिटांत अख्खा स्टँड बिअरसाठी खालच्या बोळात उतरतो. काउंटर सहा, चालू दोन. रोख पैसे नाहीत, फक्त कार्ड, आणि कार्डाचं मशीन मान टाकून बसलेलं. माझा नंबर आला तेव्हा 'पाय' संपले होते. मिळाला चहा. साडेतीन पौंड, आणि कपाच्या तळाशी टी-बॅग मेलेल्या उंदरासारखी. वर आलो तोवर दुसऱ्या हाफची सात मिनिटं झाली होती. काही चुकलं नव्हतं म्हणा.

1963 च्या बॉक्सिंग डेला वरच्या डिव्हिजनच्या दहा मॅचेसमध्ये 66 गोल झाले होते. एकट्या फुलहॅमने इप्सविचला 10-1 हाणलं. काल आमच्या स्ट्रायकरने एक बॉल पार्किंगच्या दिशेने हाणला, तेवढीच टाळी.

शिट्टी वाजली तसा डब्यासाठी त्याच गेटला पळालो. गेट बंद. टेबल नाही, खोकं नाही, पिवळं जॅकेट नाही. दुसऱ्या गेटवरच्याने तिसऱ्याकडे पाठवलं, तिसऱ्याने सांगितलं वेबसाइटवर फॉर्म भरा. डब्यासाठी फॉर्म! 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात काय लिहू? गोल, स्टीलचा, झाकणावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं, देवनागरीत?

पार्किंगमधून बाहेर पडायला पाऊण तास. लेक मागे झोपलेली. फोनवर क्लबचा ईमेल: 'घरच्यांसोबत सण साजरा केल्याबद्दल आभार.' सोबत अर्ध्या मफलरवर वीस टक्के सूट.

मध्यरात्री दार उघडलं. बायकोने स्कोअर विचारला नाही.

"डबा कुठाय?"