पाणी कुठवर आलं होतं?

मुंबईत घर बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. स्टेशनपासून किती मिनिटं? एजंट म्हणतो, सात. ती सात मिनिटं मिल्खासिंगची असतात, हे डिपॉझिट भरल्यावर कळतं.

सांगलीत विश्रामबागला घर बघायला गेले तेव्हाही सवयीनं हाच प्रश्न तोंडातून निघाला. घरमालक काका विचारात पडले. "स्टेशन? कुणाला सोडायला जायचंय?" मग त्यांनीच मला शिकवलं. "वैनी, इथं घर बघताना पाणी कुठवर आलं होतं ते विचारायचं."

मला वाटलं नळाचं. म्हटलं, "हो का? दोनदा येतं का?"

"तीनदा आलं की. 2005, 2019 आणि 2021. पण आपल्या दारात एकदाही नाही. या बाबतीत घर एकदम लकी."

भाडं 14 हजार. तीन बेडरूम, दोन गॅलऱ्या, मागं लिंबाचं झाड. मुलुंडला आम्ही एका बेडरूमचे 35 हजार देत होतो आणि झाड बघायला नॅशनल पार्कात जात होतो. माझं ऑफिस कायमचं घरातून सुरू झालं होतं, नवऱ्याचंही. मग नवऱ्यानं एक्सेलमध्ये वजाबाकी केली: महिना 21 हजार बचत. त्या आकड्याला त्यानं पिवळा रंगही दिला. हळदीच्या गावाला चाललोय, शोभतो, म्हणाला.

सामान ट्रकमधून उतरलं आणि आमची अब्रूच उतरली. मुलुंडच्या घरातून ते काढताना हमालांनी दोनदा आई आठवली होती, इतकं ते ठासून भरलेलं. इथं प्रत्येक खोलीत थोडं थोडं ठेवल्यावर चोरी झाल्यासारखं दिसायला लागलं. ज्या सोफा-कम-बेडला वळसा घालून दहा वर्षं कमरेला निळे डाग पाडून घेतले, तो हॉलमध्ये पाटाएवढा दिसत होता. आमच्याकडची प्रत्येक वस्तू दुमडणारी. टेबल दुमडतं, खुर्च्या दुमडतात, कपड्यांचा स्टँड दुमडतो. नवराही एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपतो. सहा बाय सहाचा पलंग घेतला तरी तसाच झोपतो. उरलेल्या जागेत आता इस्त्रीचे कपडे असतात.

पहिले पंधरा दिवस मला झोप येईना. रात्री दहानंतर इतकं शांत, की फ्रिज दचकून सुरू झाला की मी दचकून बंद व्हायचे. मुलुंडला वरच्या मजल्यावरचा खाट ओढायचा, शेजारची कुकरच्या चार शिट्ट्या घ्यायची, लोकल जायची. त्या सगळ्याच्या कुशीत आम्ही झोपत होतो. सासूबाई मात्र आठवड्यात रुळल्या. जन्म गिरगावच्या चाळीत गेलेला. त्यांना फ्लॅटमध्येच परदेशात आल्यासारखं वाटायचं. आठव्या दिवशी त्यांना गल्लीतल्या सगळ्यांची शुगर पाठ होती.

माझा वेग काही केल्या उतरेना. कोपऱ्यावरच्या गाड्यावर जाऊन एका दमात म्हटलं, "दोन वडापाव सुकी चटणी जास्त मिरची वेगळी सुट्टे आहेत." त्या माणसानं झारा बाजूला ठेवला आणि काळजीनं विचारलं, "वैनी, घरात समदं बरं हाय न्हवं?"

आणि प्लंबर. सिंक तुंबलं म्हणून फोन केला. "येतो की," म्हणाला. मी ऑफिसची मीटिंग पुढं ढकलून बसले. या 'की'चं व्याकरण मला तेव्हा माहीत नव्हतं. 'येतो' म्हणजे येणार. 'येतो की' म्हणजे येण्याबद्दल मनात कसलीही अढी नाही, एवढंच. चौथ्या दिवशी तो उगवला. चहा घेतला, मूळ गाव विचारलं, माझ्या आत्याच्या सासरचं आडनाव काढून पार तासगावपर्यंत नातं जुळवलं, आणि मग दहा मिनिटांत सिंक मोकळं केलं. पैसे विचारले तर हात झटकून म्हणाला, "असू दे ओ, पाहुण्यांकडनं काय घ्यायचं!" कोंबूनही घेईना. मुंबईत मला नुसतं सिंक तुंबल्याची भीती असायची. इथं तुंबलं की उपकार चढतात.

पिवळ्या आकड्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. लोकल नाही, म्हणून दोन स्कूटर आल्या. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर आला. खिडक्या अकरा निघाल्या आणि आमचे पडदे तीन. शिवाय आमंत्रणं. मुलुंडला समोरच्या दारात लग्न झालं ते आम्हाला रिकाम्या मिठाईच्या खोक्यावरून कळलं होतं. इथं चार महिन्यांत दोन वास्तुशांती, एक डोहाळजेवण, एक बारसं आणि अनोळखी माणसाची एकसष्टी. प्रत्येक ठिकाणी पाकीट. वर मुंबईचे नातेवाईक. तीन बेडरूम म्हटल्यावर सगळ्यांना आमची आठवण दाटून येते. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसतात, पहाटे आमच्या दारात उभे. जाताना प्रत्येकाला भडंग बांधून द्यावा लागतो. एक्सेलची ती फाइल नवरा आता उघडत नाही.

जुलैत पाऊस लागला आणि गल्लीची भाषाच बदलली. भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे फुटांत आणि क्युसेकमध्ये बोलायला लागले. मुंबईत रविवारी मेगाब्लॉक बघतात, तसं इथं सकाळी उठून कोयनेतून किती सोडलं ते बघतात. चहाच्या टपरीवर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या दरवाजांवरून दोन गट पडले. कामवाली सुरेखा दारातूनच बातमी द्यायची. "ताई, आयर्विनला 34 झालं." आयर्विन हा कृष्णेवरचा 1929चा पूल, पण पावसाळ्यात तो सगळ्या शहराची फूटपट्टी असतो. 40 फुटांना इशारा, 45ला धोका. 2019ला पाणी 57च्या पुढं गेलं होतं. ते सांगताना काका आवाज खाली आणतात.

पाणी 38वर गेलं त्या संध्याकाळी काका दारात आले. चप्पल न काढता, संकोचून. "वैनी, मेव्हणे सूर्यवंशी प्लॉटात राहतात. तिथं पाणी शिरलंय. आमच्याकडं सात माणसं झालीत. चार जण तुमच्याकडं..."

चार म्हणता म्हणता सहा आले. सोबत गॅसची शेगडी, दोन ट्रंका, देवघर, एक पोपट आणि कपड्यांची गाठोडी. हॉलमध्ये अंथरुणं पडली. दुमडणारं टेबल, दुमडणाऱ्या खुर्च्या, सगळं भिंतीला लागलं. सकाळी बाथरूमपुढं रांग. कुणीतरी दार बडवतंय, कुणाचा कुकर शिट्ट्या देतोय, मेव्हणे पोपटाला ओरडतायत, पोपट मेव्हण्यांना. सोफ्याला वळसा घालताना माझ्या कमरेला कोपरा लागला.

त्या रात्री मी एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले. शेजारी सासूबाई, त्यांच्या पलीकडं मेव्हण्यांची मुलगी, पायाशी ट्रंक. सकाळी सुरेखानं हलवून उठवलं. नऊ वाजून गेले होते.

"ताई, उतरायला लागलं. 36वर आलं."

"इतक्यात?" मी म्हटलं.