मागे भिंत, पुढे कैलास

वेरूळच्या १६ नंबरच्या लेण्यात, म्हणजे कैलासात, गेलेला प्रत्येक कॅमेरावाला उलटा चालतो. ध्वजस्तंभ फ्रेममध्ये मावत नाही म्हणून एक पाऊल मागे. वरचं टोक कापलं म्हणून आणखी एक. मग पाठीला कातळ टेकतो. राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात अखंड डोंगर वरून खाली कोरत आणला, पण १८-५५ वाल्यांना मागे सरकायला जागा सोडावी असं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. कॅमेऱ्याच्या खोक्यातून आलेली ही लेन्स १८ मिमीला खुंटते, आणि हा आकडा जितका लहान तितकं फ्रेममध्ये जास्त मावतं. कातळाला टेकलेला माणूस तिथल्या तिथे ठरवून टाकतो, वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य मावणारी लेन्स, घ्यायची. साडेसाती इथून सुरू होते.

पहिला घोळ गुणाकाराचा. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा तुकडा. कॅननचा लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर साधारण २२.३ मिलिमीटर रुंद, महागड्या कॅमेऱ्यांतला मोठा, म्हणजे फुल फ्रेम ३६. भागाकार केला की १.६ येतो, निकॉन आणि सोनीवाल्यांचा १.५. म्हणजे आपले १८ हे फुल फ्रेमच्या हिशेबात २९ च्या आसपास. इथे प्रत्येक ग्रुपमधला एक जाणकार छातीठोकपणे सांगतो, "अरे, ही लेन्स क्रॉपसाठीच बनवलीय, हिला गुणायचं नसतं!" गुणायचं असतं. १० मिमी म्हणजे १० मिमीच, लेन्सवर ईएफ-एस लिहिलेलं असो वा ईएफ. ईएफ-एसचा अर्थ एवढाच की तिचं प्रतिमेचं वर्तुळ लहान आहे आणि ती कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरला लागणार नाही.

दुसरा सल्लागार त्याहून घातक. "उद्या फुल फ्रेम घेशीलच ना? मग आत्ताच फुल फ्रेमची १६-३५ घे." १६ गुणिले १.६, झाले २५.६. म्हणजे खोक्यातल्या त्या १८-५५ पेक्षा थोडीशीच रुंद, आणि वजन, किंमत दोन्ही अंगावर. स्थळ बघायच्या आधी बारशाचे कपडे शिवून ठेवण्यातला हा प्रकार. फुल फ्रेम येईल तेव्हा येईल. क्रॉपवर खरी वाइड लेन्स १० ते १२ मिमीपासून सुरू होते, त्यामुळे १४ किंवा १६ चा आकडा दिसला की पुढचं वाचूच नये.

आता खरं भांडण. १० की ११? एका मिलिमीटरवरून हातघाईवर येणारी माणसं बाहेरच्यांना खुळी वाटतात, पण ती खुळी नसतात. कॅननच्या क्रॉपवर १८ वरून १७ ला आलात तर आडवा कोन जेमतेम ३ अंशांनी वाढतो. ११ वरून १० ला आलात तर ५ अंशांपेक्षा जास्त. १८ ला एकूण ६४ अंश दिसतात, १० ला ९६. दहा फुटांवरच्या भिंतीचे १८ मिमीला सव्वाबारा-साडेबारा फूट दिसतात, १० मिमीला बावीसच्या वर. म्हणून टेलीत, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये, ५० मिमीची उधळपट्टी चालते, वाइडमध्ये एकेक मिलिमीटर सोन्याच्या भावाने मोजावा लागतो.

११ वाल्यांकडेही मुद्दा आहे. टोकिनाची ११-१६ पूर्ण झूमभर एफ/२.८ देते, म्हणजे भरपूर उजेड आत घेते. रात्री हरिश्चंद्रगडावर आकाशगंगा टिपायची असेल तर तीच घ्या, वाद नको. मात्र ती अर्धा किलोच्या वर भरते, आणि सूर्य फ्रेममध्ये आला की फोटोत नको तिथे रंगीत ठिपके सांडते. उलट कॅननची १०-१८ फक्त २४० ग्रॅमची, फिल्टर ६७ मिमीचा, आत हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन. मागचं माउंट, म्हणजे कॅमेऱ्यात अडकणारं कडं, प्लास्टिकचं म्हणून लोक नाकं मुरडतात. मुरडू देत. न हलणाऱ्या देवाचा, अंधाऱ्या गाभाऱ्यातला फोटो हातात धरून निघतो, तो याच लेन्सने. स्टॅबिलायझेशन आपला हात थांबवतं, पुजाऱ्याचा नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

निकॉनवाल्यांसाठी वेगळा सापळा. टोकिनाच्या त्या लेन्सच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही. डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीवर ती फक्त हाताने फोकस होते. निकॉनची स्वतःची स्वस्त एएफ-पी १०-२० नव्या बॉडीवर झकास, पण डी९० किंवा डी७००० वर ऑटोफोकस करतच नाही. सेकंडहँडवाला हे आपणहून सांगेल ही आशा सोडा.

दुकानात मात्र लाज सोडून दहा मिनिटं खायची. एफ/५.६ वर दूरच्या इमारतीची पाटी आधी डाव्या वरच्या कोपऱ्यात धरून फोटो, मग उजव्या, मग खालचे दोन. प्रत्येक वेळी फोकस त्या पाटीवरच. स्क्रीनवर मोठं करून बघा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असले तर ती वाइडची रीतच. तीन लख्ख आणि एक धुरकट असेल, तर आतली काच सरकलेली आहे. दुकानदार म्हणेल, "साहेब, एवढं कोण बघतं?" आपण बघतो.

लेन्स घरी आली की सगळ्यात कठीण प्रश्न येतो, तो स्वयंपाकघरातून. "पण हे तर माझ्या फोनमध्ये आहे की!" आहे, हे खरं आहे. फुल फ्रेमच्या हिशेबात आयफोनचा ०.५ म्हणजे साधारण १३ मिमी, आपली १० म्हणजे १६. फोन जास्त रुंद आहे! भर दुपारी याला उत्तर नाही, गप्प बसावं. संध्याकाळ झाली की फोनवर तसाच फोटो काढून, मोठा करून कोपऱ्यातली पानं मोजायला सांगावीत.

मग डोंगर. वाइड म्हणजे सगळं मावतं, या आनंदात लोक कळसूबाई टिपतात आणि १६४६ मीटरचं शिखर वारुळाएवढं येतं. ही लेन्स मावण्यासाठी नाही, जवळ जाण्यासाठी आहे. पुढ्यात दगड, फूल, पायरी काहीतरी हवंच. १० मिमीला एफ/८ ठेवून पाऊण मीटरवरच्या दगडावर फोकस करा, स्विच मॅन्युअलवर टाका, रिंगला हात लावू नका. एक-सव्वा फुटापासून क्षितिजापर्यंत सगळं लख्ख येतं. देऊळ मागे कोसळताना दिसत असेल तर कॅमेरा वर केलाय. तो सरळ धरा आणि खालची फालतू फरशी नंतर कापा. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, घरी ठेवा, ९६ अंशांच्या आकाशात तो एकाच बाजूला गडद निळा पट्टा पाडतो.

आणि लग्नात ग्रुप फोटोला ही लेन्स लावायचीच झाली, तर कडेला कोण उभं राहतंय ते आधी बघा. कडेचा माणूस आडवा ताणला जातो. तिथे कॉलेजातली सडपातळ पोरं उभी करावीत, मामींना मध्यभागी घ्यावं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तर उघडूच नये. तो साधारण १७-१८ मिमीपर्यंतच पसरतो, त्यामुळे कोपरे अंधारात जातात आणि लेन्सच्या हुडची, म्हणजे तोंडावरच्या ऊन अडवणाऱ्या कड्याची, अर्धगोल सावली थेट पुढच्या रांगेच्या पायांवर पडते. नेमके तिथेच व्याही बसलेले असतात.