‘मेटल गाणाऱ्या मुलीचा गळा जातो’ : या मजकुरातलं काय खरं, काय खोटं

पुण्यातले गाण्याचे क्लास, कॉलेजचे बँड आणि पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप, सगळीकडे एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: मेटल या कडक रॉक संगीतातलं गुरगुरणं, म्हणजे ग्रोल, हे पुरुषी गळ्याचं काम. बाईच्या आवाजात ते ऐकू येतं ती स्टुडिओतल्या मशीनची करामत. ज्या मुली खरंच तसं गातात त्यांच्या स्वरतंतूंना दोन-तीन वर्षांत गाठी येतात आणि आवाज कायमचा जातो. शास्त्रीय शिकलेली मुलगी तिकडे वळली तर रियाज पाण्यात. आणि एवढं करून तिशीनंतर तिला कोणी विचारत नाही. शेवटी ‘मुलींना वेळीच आवरा’ अशी कळकळीची विनंती.

यातली गाठींची भीती निराधार नाही, म्हणून तिला सगळ्यात जास्त जागा देऊ. पण मजकुराचा परिणाम वाईट होतो. तो वाचून मुलगी ग्रोल करणं थांबवत नाही. ती घरात विचारणं थांबवते, शिकवणारा शोधत नाही आणि दार लावून उशीत तोंड खुपसून ओरडते. गळा जातो तो तिथे.

‘हे पुरुषी गळ्याचं काम’

साधं बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा उघडमीट करतात, पुरुषाचे ११० ते १२० वेळा. हा फरक खराच आहे. पण ग्रोलचा खर्ज आणि खरखर फक्त या तंतूंतून येत नाही. त्यांच्या थोडं वर आणखी दोन मऊ घड्या असतात, त्यांना फॉल्स कॉर्ड म्हणजे खोटे स्वरतंतू म्हणतात. पाण्यानं भरलेली बादली उचलताना घशात जे ‘हं’ अडतं, तेव्हा याच घड्या जवळ येतात. ग्रोलमध्ये त्यांना घट्ट न दाबता सैलसर जवळ आणून हवेवर थरथरू द्यायचं असतं. बऱ्याचदा खालचे तंतू दोनदा हलतात तेव्हा वरच्या घड्या एकदा हलतात. २०० चे १०० होतात आणि कानाला आवाज एक सप्तक खाली गेल्यासारखा लागतो. तिबेटी लामांच्या मंत्रपठणात आणि मंगोलियातल्या कंठगायनात हीच यंत्रणा काम करते. ती बाईच्या गळ्यात नसते असं शरीरशास्त्र कुठेही सांगत नाही.

एक फरक मात्र राहतो. बाईच्या घशाची आणि तोंडाची पोकळी सरासरीनं आखूड असते, म्हणून तिच्या ग्रोलला वरची धार जरा जास्त येते. ओठांचा चंबू पुढे काढला आणि जिभेचं मूळ मोकळं ठेवून स्वरयंत्र थोडं खाली सोडलं की पोकळी लांबते आणि रंग गडद होतो. हा रंगाचा प्रश्न आहे, कुवतीचा नाही.

बाईचा जाड, खोल आवाज पुणेकरांना तरी परका वाटायला नको. सवाई गंधर्व महोत्सवात गंगूबाई हनगलांचा तो भरदार, ठाशीव आवाज ऐकत इथल्या पिढ्या वाढल्या. २००६ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावरही त्या मैफलीला बसल्या. त्यांची गायकी आणि ग्रोल यांचा तंत्र म्हणून काही संबंध नाही. पण बाईचा आवाज म्हणजे बारीक आणि गोडच, ही समजूत आपल्याच शहरात कधी टिकली नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

‘सगळं मशीनचं’

जर्मनीतल्या आखेनच्या होली मोझेस या बँडमध्ये साबिना क्लासेन १९८१ मध्ये आली आणि १९८६ च्या पहिल्या अल्बमपासून ती ग्रोल करत होती. रेकॉर्डिंग तेव्हा टेपवर होत असे. २०२३ मध्ये बँडनं निरोप घेतला तेव्हा ती साठीला पोचली होती. आज युक्रेनच्या जिंजर बँडची तात्याना श्मायलुक स्टेजवर एकाच गाण्यात स्वच्छ सुरातून ग्रोलमध्ये जाते आणि परत येते. स्टुडिओत एकाच ओळीचे दोन-तीन टेक एकावर एक लावतात, इक्यू आणि कॉम्प्रेशन लावतात, म्हणजे आवाजाचा रंग आणि चढउतार सारखे करतात. तेच सगळं पुरुष गायकाच्या ट्रॅकवरही होतं.

‘दोन-तीन वर्षांत गाठी आणि आवाज कायमचा गेला’

गाठी, म्हणजे नोड्यूल, कशा होतात ते आधी बघू. दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर जोरात आणि पुन्हा पुन्हा आपटले की पुढून साधारण एक तृतीयांश अंतरावर, जिथे आघात सगळ्यात जास्त बसतो तिथे, दोन्ही बाजूंना घट्टे पडतात. प्रौढ बायकांमध्ये त्या पुरुषांपेक्षा जास्त दिसतात, कारण त्यांचे तंतू सेकंदाला जास्त वेळा आपटतात. त्यामुळे दवाखान्यात गाठी घेऊन येणाऱ्यांत शिक्षिका मोठ्या संख्येनं असतात. साठ मुलांच्या वर्गात, रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या ठेवून दिवसाला पाच-सहा तास मोठ्यानं बोलणं गळ्याला फार महागात पडतं. म्हणून कोणी मुलींना डीएड करू नका असं सांगत नाही.

नीट केलेल्या ग्रोलमध्ये खालच्या तंतूंवरचा हा मारा कमी ठेवायचा असतो. आवाज ऐकायला प्रचंड वाटतो, पण गळ्याशी तो बोलण्याच्या आवाजाच्या आसपास सुरू होतो आणि पुढचा मोठेपणा माइक आणि ॲम्प्लिफायर देतात. नवशिकी मुलगी नेमकी उलटी जाते: आधी ओरडते, मग त्यात खरखर मिसळते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ढोल पथकातल्या निम्म्या पोरापोरींचा घसा बसलेला असतो, तोच हा प्रकार. ढोलाच्या दणक्यात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि गळा आपोआप चढतो.

सुरुवातीचे तीन महिने पुढचा क्रम पुरतो. अर्धा ग्लास पाण्यात साधा स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवायचा आणि त्यातून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढत पाच मिनिटं खालीवर जायचं. मग दोन-तीन मिनिटं ओठांची भुर्रर्र. त्यानंतर आवाज न काढता नुसता मोठा उसासा सोडायचा आणि तो सुरू असतानाच ‘हं’ची ती अडण हलकेच आणायची. खरखर आली की ती चार सेकंद धरायची आणि सोडायची. हे दहा ते पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. त्याहून जास्त नाही. फ्राय स्क्रीम, म्हणजे करकरीतून काढलेली किंचाळी, शिकायची असेल तर सुरुवात सकाळी उठल्याउठल्या जो करकरणारा, दार कुरकुरल्यासारखा आवाज येतो त्यापासून करायची आणि तो बारीकच ठेवायचा. घशात गुदगुल्या झाल्या, खोकला आला, चटका बसला, की त्या दिवसापुरतं बंद. दुखल्याशिवाय येत नाही असं जो सांगेल त्याच्याकडे शिकू नये.

रोज सकाळी एक तपासणी करावी, ती ठसठशीत उत्तर देते. तुमच्या पट्टीच्या वरच्या टोकाला, अगदी हळू, बाळ झोपलंय अशा बेतानं ‘ई’ लावायची. तंतूंना सूज नसेल तर सूर लगेच उमटतो. सूज असेल तर आधी नुसती हवा येते, सूर क्षणभर उशिरा येतो किंवा तुटतो. मोठ्यानं गाऊन ही सूज लपते, म्हणून हळूच गायचं. ज्या सुरावर तो तुटला तो वहीत लिहायचा. कालच्यापेक्षा दोन सूर खाली तुटला तर आज जॅमिंगमध्ये, म्हणजे बँडच्या सरावात, फक्त शब्द आणि ताल, आवाज नाही.

पाळीच्या आधीच्या दोन-चार दिवसांत काही जणींच्या तंतूंना थोडी सूज येते. त्या दिवसांत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन गिग, म्हणजे स्टेजवरचा कार्यक्रम, करणं टाळावं, कारण या गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो आणि तंतूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दुखण्यावर दुसरं काय चालेल ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. गाताना आवाज अचानक, एका क्षणात गेला तर पुढचं गाणं घ्यायचं नाही. बोलणं बंद, कुजबुजणंही बंद, आणि दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ. हळूहळू बसलेला घसा दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तरीही तिथेच जायचं, आणि आवाजाच्या रुग्णांसाठी दुर्बिणीबरोबर स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या उजेडात तंतूंची थरथर बघणं) होते का ते आधी विचारायचं. साध्या दुर्बिणीतून तंतूंचा थरथराट दिसत नाही.

आता घरगुती उपाय. हळद-मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, खडीसाखर यांनी घशाला आराम पडतो, पण यातलं काही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळताना स्वरयंत्राचं तोंड झाकलं जातं. तिथवर जाते ती वाफ, आणि दिवसभर थोडं थोडं प्यायलेलं पाणी शरीरातून फिरून. गिगनंतर रात्री साडेअकराला मिसळ किंवा तर्रीदार काही खाऊन आडवं होणं मात्र थेट नडतं. आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जाड लागतो. दोष ग्रोलला दिला जातो.

गाठी झाल्याच तर? बहुतेक वेळा पहिला उपचार शस्त्रक्रिया नसतो. स्पीच थेरपिस्टबरोबर काही आठवडे ते काही महिने आवाजाचं काम आणि सवयी बदलणं, एवढ्यावर बऱ्याच गाठी बसतात. स्वीडनच्या आर्च एनिमी बँडच्या आंगेला गॉसोला तरुणपणी गाठी झाल्या होत्या. तिनं शिक्षकाकडे तंत्र दुरुस्त केलं, २००० च्या सुमारास ती या बँडमध्ये आली आणि २०१४ पर्यंत जगभर ग्रोल करत राहिली. मजकूर तिच्यासारख्या गायिकेची पहिली अर्धी गोष्ट सांगतो आणि थांबतो.

मजकुरात नसलेलं खरं कारण

मुलींचे गळे अनेकदा बसतात ते मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, नीट नसल्यामुळे. छोटी जॅम रूम, झाकण नसलेला ड्रम सेट, मागे चार स्पीकरचं गिटार कॅबिनेट, आणि गायिकेला स्वतःचा आवाज शून्य. स्वतःला ऐकू येत नसेल तर माणूस न कळत आवाज चढवतो. ते इच्छाशक्तीनं थांबत नाही, व्यवस्था बदलावी लागते. गिटारचं कॅबिनेट उंचावर चढवून गिटारिस्टच्याच कानाकडे तिरकं करायचं, म्हणजे तो आपणहून आवाज कमी करतो. गायिकेनं झांजांच्या रेषेत उभं राहायचं नाही, नाहीतर झांजा तिच्याच माइकमधून सगळीकडे जातात. एसएम५८सारखा कार्डिऑइड माइक (समोरचं ऐकणारा, बरोबर मागचं टाळणारा) असेल तर मॉनिटर बरोबर माइकच्या शेपटीच्या दिशेला ठेवायचा. सुपरकार्डिऑइड, म्हणजे त्याहून अरुंद कोनातलं ऐकणारा, असेल तर शेपटीपासून थोडा बाजूला.

माइकची जाळी मुठीत धरायची सवय अनेकींना व्हिडिओ बघून लागते. जाळीच्या खालच्या फटींतून मागचा आवाज कापला जातो. त्या झाकल्या की माइक चारी बाजूंचं ऐकू लागतो, शिट्टी मारतो, मग साउंडवाला मिक्सरवर तिच्याच आवाजाची पट्टी (फेडर) खाली ओढतो आणि ती आणखी ओरडते. दांड्यावर हात, ओठांपासून दोन-तीन सेंटीमीटर.

उघड्या मैदानावर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करावे लागतात. कार्यक्रम उशिरा सुरू झाला की पहिला बळी साउंड चेकचा जातो. म्हणून मॉनिटरमध्ये काय हवं ते आधी लिहून पाठवायचं: सगळ्यात वर स्वतःचा आवाज, खाली स्नेअर ड्रम, एकच गिटार, बाकी काही नको. स्वतःचा माइक आणि वायरचा साधा इन-इअर संच (कानात घालायचा मॉनिटर) बॅगेत असेल तर प्रत्येक माइक-वायर चालू आहे एवढंच बघणाऱ्या दोन मिनिटांच्या लाइन चेकवरही निभावतं.

‘रियाज पाण्यात’

फिनलंडच्या नाइटविश बँडची फ्लोर यान्सन ऑपेराच्या पद्धतीचं गाते, मोकळ्या छातीनं गाते आणि ग्रोलही करते. एक गळा या तिन्ही गोष्टी शिकू शकतो. अडचण येते ती वेळापत्रकात. रियाज आधी, ग्रोल नंतर. उलटं केलं तर ‘आ’काराला खरखर चिकटते. मैफल किंवा परीक्षेच्या आदल्या दिवशी जॅमिंग नको. आणि पहाटेचा खर्ज म्हणजे ग्रोलची तयारी, असं कोणी सांगितलं तर ऐकू नये. खर्जात तंतू स्वच्छ आणि मोकळे लागतात, ग्रोलमध्ये वरच्या घड्या मुद्दाम आणायच्या असतात. दोन्हींना लागणारा श्वास मात्र एकच, आणि तो रियाज करणाऱ्या मुलीकडे आधीच असतो.

‘तिशीनंतर कोणी विचारत नाही’

ड्युसेलडॉर्फची डोरो पेश १९८६ मध्ये वॉरलॉक बँडबरोबर इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या मोठ्या रॉक महोत्सवात उभी होती. २०२३ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी तिचा नवा अल्बम आला. गॉसोनं माइक ठेवला तो चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि त्याच बँडची मॅनेजर म्हणून ती काम करत राहिली. इंडोनेशियाच्या गारुतमधल्या हिजाब घालणाऱ्या तीन शाळकरी मुलींनी २०१४ मध्ये व्हॉइस ऑफ बाचेप्रोट हा मेटल बँड सुरू केला, आणि २०२४ मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. घरच्यांचा आणि गावाचा विरोध त्यांनीही पाहिला.

पुण्यात फक्त मेटलच्या गिगवर घर चालत नाही, हे खरं आहे, आणि ते बँडमधल्या मुलांनाही तितकंच लागू आहे. पण मुलींचं एक नुकसान वेगळं होतं आणि ते टाळता येतं. गाण्याचे शब्द अनेकदा गायिकेनं लिहिलेले असतात आणि नोंदणीत नाव फक्त गिटारिस्टचं लागतं. डोरोला वॉरलॉक हे नाव कायदेशीर वादात गमवावं लागलं, म्हणून तिनं पुढचे अल्बम स्वतःच्या नावानं काढले. ते नाव तिला परत मिळालं २०११ मध्ये. तेव्हा गाणं प्रसिद्ध करण्याआधी एका कागदावर लिहायचं: शब्द कोणाचे, चाल कोणाची, टक्केवारी किती, बँडचं नाव कोणाच्या मालकीचं, आणि कोणी सोडून गेलं तर त्या नावाचं काय. सगळ्यांच्या सह्या, तारीख. शब्द लिहिणारीनं गीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यायचं. गायिका म्हणून रॉयल्टी मिळण्याचा हक्क वेगळा आहे, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं तो दिलाय, आणि त्यासाठी गायक-वादकांची संस्था इसामरा आहे. हे अर्ज कधी आणि कसे भरता येतात ते पहिलं गाणं अपलोड होण्याआधीच दोन्ही संस्थांना विचारून ठेवायचं.