हंगामापुरती आलेली मुले आणि आपल्या मराठी शाळा

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या पाण्यावर ऊस वाढतो, पण तो तोडायला बीडकडच्या आणि विजयपूरकडच्या टोळ्या आल्याशिवाय निभाव लागत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. वीसहून अधिक साखर कारखाने असलेल्या बेळगाव जिल्ह्याचे गाळप याच माणसांच्या कोयत्यावर चालते. तरीही गावाच्या लेखी ती परकीच राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्र्यांत बिहार-ओडिशाकडचे कामगार आहेत, आता खेड्यांतल्या बांधकामांवरही हिंदी कानावर पडते. दुसरीकडे खानापूर तालुक्यातील कितीतरी तरुण पोटासाठी गोव्यात आहेत आणि तिथे त्यांना कोणी हिणवले तर आपल्याला संताप येतो. तो संताप रास्तच आहे. मग इथे आलेल्यांशी वागतानाही त्याची आठवण ठेवायला हवी.

माझा आग्रह मुख्यतः टोळ्यांबरोबर येणाऱ्या मुलांबद्दल आहे. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे पहाटेच्या अंधारात फडावर जाते आणि कोपीत, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीत, मागे उरते ती नऊ-दहा वर्षांची मुलगी. धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती पाणी भरते, चूल पेटवते, दुपारी वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधायला आईच्या हाताखाली जाते. अनेकदा सरकारी मराठी शाळा तिच्या कोपीपासून हाकेच्या अंतरावर असते, आणि त्या शाळेत पट कमी म्हणून वर्ग एकत्र बसवलेले असतात. मुलगी मराठी, शाळाही मराठी, पण तिच्याकडे दाखला नाही आणि ती चार-पाच महिन्यांतच परत जाणार, एवढ्यावर विषय संपतो.

तो तिथे संपता कामा नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, आणि दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी १९५६ साली घटनेत ३५०-अ हे कलम आले. सीमाभागातील आपण मराठी माणसे तेव्हापासून त्याच कलमाचा आधार घेत आलो आहोत. तो आधार हंगामापुरत्या आलेल्या मराठी मुलीलाही मिळाला पाहिजे. विजयपूरकडून आलेल्या लमाणी मुलांनाही शेजारच्या कन्नड शाळेत तितक्याच आपुलकीने बसवून घ्यावे, कारण भाषेच्या हक्काची मागणी केवळ स्वतःपुरती ठेवली तर तिचे बळच कमी होते.

बाहेरच्यांमुळे गावाची घडी विस्कटेल, असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. त्यांच्याविषयी आदर ठेवून सांगतो की आपल्या आठवडी बाजारात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसून व्यवहार करत आल्या आहेत. खरा धोका आहे तो रिकाम्या पडत चाललेल्या वर्गांचा.

म्हणून ज्या गावांत टोळ्या उतरतात तेथील एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, सदस्यांना माझी विनंती आहे की कारखान्याचे धुराडे पेटण्याआधीच मुकादमांकडून मुलांची नावे व वये लिहून घ्यावीत, मुख्याध्यापकांना सोबत घेऊन कोप्यांवर जावे आणि परत जाताना प्रत्येक मुलाच्या हाती हजेरीचा कागद द्यावा, म्हणजे मूळ गावच्या शाळेत त्याचे वर्ष बुडणार नाही. आमच्या गावच्या समितीकडे ही मागणी मी या आठवड्यात लेखी देत आहे.