लिस्टनं भागतं, मग डेक कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून मीही जरा सविस्तर लिहितो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या नोंदींतून पंचगंगेची गेल्या २४ तासांतली कमाल पातळी काढणारा माझा पायथॉन प्रोग्राम डेक वापरतो, म्हणजे दोन्ही टोकांनी नोंदी घालता-काढता येणारी रांग. तो तुम्हाला उगाच अवघड वाटला. साध्या लिस्टवर अपेंड (शेवटी नोंद जोडणं), पॉप(०) (पहिली काढणं) आणि मॅक्स (सगळ्यांत मोठी शोधणं) केलं की भागतं. डेक घ्यायचाच तर मॅक्सलेन, म्हणजे जास्तीत जास्त किती नोंदी ठेवायच्या ती मर्यादा, देऊन मोकळं व्हावं, पोरांना गोंधळात कशाला टाकायचं, असं तुमचं म्हणणं.

तासाला एक नोंद असेल तर लिस्टनं खरंच भागतं. पण पॉप(०) म्हणजे पहिली नोंद काढून मागच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकवणं. मिनिटाला एक नोंद आणि ३० दिवसांची खिडकी (म्हणजे कमाल काढताना मागच्या जेवढ्या नोंदी बघायच्या तो पट्टा) धरा, ४३,२०० नोंदी होतात. जुन्या पावसाळ्यांचा डेटा एका दमात चालवायचा, तर प्रत्येक नव्या नोंदीला एवढी सरकासरकी आणि वर तेवढ्याच नोंदींवर मॅक्स!

तरी डेक घेण्याचं माझं मुख्य कारण वेगळं आहे. उदाहरणापुरती पातळी फुटांत ४१, ३९, ४०, ३८ अशी आली आणि खिडकी ३ नोंदींची आहे असं समजा. ४० आलं की ३९ निकामी झालं. ते लहान आहे आणि खिडकीतून आधी जाणारही तेच, म्हणजे यापुढे ते कमाल ठरूच शकत नाही. त्याला मागच्या टोकानं काढायचं आणि ४० आत घ्यायचं. उरले ४१, ४०. आता ३८ येतं, तेव्हा ४१ ची मुदत संपलेली असते, म्हणजे ते शेवटच्या ३ नोंदींत राहिलेलं नसतं. ते पुढच्या टोकानं काढायचं. सगळ्यात पुढे उरतं ४०, तीच कमाल. मॅक्स लागतच नाही. प्रत्येक नोंद एकदा आत येते आणि फार तर एकदा बाहेर जाते, मग खिडकी केवढीही असो. पाणी ओसरू लागल्यावरही गेल्या २४ तासांत ४३ फुटांची धोका पातळी गाठली होती का, हे पुढच्या टोकाकडे पाहून लगेच सांगता येतं.

प्रोग्राममध्ये डेकमध्ये पातळीऐवजी नोंदीचा क्रमांक ठेवलाय तो यासाठीच. नाहीतर मुदत संपली हे ओळखणार कसं?

मधल्या नोंदी सारख्या वाचायच्या असतील तर मात्र लिस्टच घ्यावी. पायथॉनचा डेक आतून एकमेकांना जोडलेल्या तुकड्यांचा असतो, मधल्या जागी पोचायला त्याला तुकडे ओलांडत जावं लागतं. पोरांचं म्हणाल, तर स्टॅक आणि क्यू शिकलेल्या मुलाला वरचे चार आकडे वहीवर मांडायला दिले की डेक समजतो. ती मेहनत त्यांना करू द्यावी असं मला मनापासून वाटतं.

राहिलं मॅक्सलेन. जागा भरली की ते पुढच्या टोकाची नोंद आपोआप टाकून देतं, पण ते फक्त संख्या मोजतं, मुदत बघत नाही. वरच्याच उदाहरणात मॅक्सलेन ३ देऊन पाहा: ३८ आल्यावर आत ४१, ४०, ३८ अशा तीनच नोंदी होतात, म्हणून काहीच बाहेर पडत नाही आणि मुदत संपलेलं ४१ कमाल म्हणून दिसत राहतं.