‘आफ्रिकेला इतिहासच नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘युरोपीय येईपर्यंत आफ्रिकेत ना लिपी होती, ना दगडी इमारत, ना वैद्यक. ग्रेट झिम्बाब्वे शेबाच्या राणीने बांधलं. भारतात आफ्रिकी आले ते फक्त गुलाम म्हणून.’ हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. दुर्लक्ष करत होते. पण भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा राहवलं नाही.

लिपीचं लगेच संपतं. इथिओपियाची गीझ लिपी दीड हजार वर्षांहून जास्त काळ वापरात आहे, आणि सुदानमधल्या कुश राज्याची मेरोइटिक लिपी तिच्याही आधीची. हो, खंडाच्या मोठ्या भागात लेखन नव्हतं. ग्रेट झिम्बाब्वेच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिका खंडातल्या जुन्या दगडी शहराच्या, लोकांनीही एक ओळ लिहून ठेवलेली नाही, एवढं मान्य. म्हणून त्यांच्या भिंती दुसऱ्याच्या नावावर चढवायच्या?

मला खरा संताप येतो तो याच मुद्द्याचा. चुना न वापरता ग्रॅनाइटचे चिरे नुसते एकावर एक रचलेत. मोठ्या आवाराच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे 250 मीटर, उंची काही ठिकाणी 11 मीटर. 1871 मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोचला. त्याने तुळईच्या लाकडाची ढलपी काढली, तिचा वास त्याला आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा वाटला. मग हे लेबनॉनचं सीडर, मग ते आणणारी बायबलमधली शेबाची राणी! लाकूड निघालं आफ्रिकेतल्याच झाडाचं. पण तो मुलूख बळकावणाऱ्या इंग्रज सेसिल ऱ्होड्सच्या मंडळींना ही कथा सोयीची होती: मुलूख मुळात बाहेरच्यांचाच, तर आपण घेतला म्हणून बिघडलं कुठे? पुढे रिचर्ड हॉलने साफसफाईच्या नावाखाली वस्तीचे थर उपसून फेकले आणि पुरावाच घालवला.

तरी उरलं तेवढं पुरलं. 1905 मध्ये पुरातत्त्वज्ञ रँडल-मॅकायव्हर यांनी हे काम आफ्रिकी आणि मध्ययुगीन असल्याचं सांगितलं. 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी हात न लागलेल्या जागी भिंतीखालपर्यंत खणलं आणि तेच सिद्ध केलं. साधारण 11व्या ते 15व्या शतकातलं हे शहर तिथल्याच शोना लोकांच्या पूर्वजांचं. तिथे चिनी भांडी सापडली म्हणे! सापडली, व्यापारातून आलेली. घरात चिनी बशी असली म्हणून घर चिन्याने बांधलेलं ठरत नाही. एवढं होऊनही ऱ्होडेशियाचं, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचं, तेव्हाचं गोरं सरकार हे सत्य दडपत राहिलं. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला 1970 मध्ये देश सोडावा लागला. फॉरवर्डमध्ये आहे तो त्याच काळातला प्रचार.

वैद्यक? 1879 मध्ये आजच्या युगांडातल्या बुन्योरोत रॉबर्ट फेल्किन या इंग्रजाने पोट फाडून केलेलं बाळंतपण डोळ्यांनी पाहिलं. बाईला केळ्याची दारू पाजली, त्याच दारूने शल्यकाने आपले हात आणि बाईचं पोट धुतलं. रक्त थांबवायला तापलेलं लोखंड लावलं, जखम लोखंडी सुयांनी जोडली. अकराव्या दिवशी जखम भरलेली होती. हे त्याने 1884 मध्ये एडिंबराच्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं.

आणि गुलाम? अर्धं खरं. मलिक अंबर इथिओपियातून विकला जाऊनच दख्खनेत आला. पण त्याच माणसाने निजामशाहीचा कारभार हाती घेतला, 1610 मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं, तिथे नहरीने पाणी आणलं. 1624 मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाहीच्या एकत्रित फौजा त्यानेच मोडल्या, आणि त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते.